वीस घटकांची मावशी

१५ एप्रिल.

शाईचा पॅड सुकला होता. त्यात चार थेंब शाई सोडली आणि झाकण लावून ठेवलं. बेचाळीस कागद आहेत. उद्या सकाळी नऊला बायका शेडवर आल्या की प्रत्येकीची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. कागदावर टाइप केलंय की हंगाम संपेपर्यंत रोज बारा तास काम करायला मी माझ्या खुशीनं तयार आहे. धाकट्या मालकांनी सांगितलं, नव्या नियमात बसतं, फक्त बाईची लेखी संमती पाहिजे. ते हेही म्हणाले, "वाचून दाखवत बसू नका. लांबण लागते."

कागदांना नंबर टाकत होते. एकेचाळिसावा कांताचा. कांता सातवी शिकलेली, गेल्या वर्षापर्यंत सही करायची. ठळक, गोल अक्षरात. आता उजव्या हाताची चार बोटं नाहीत. अंगठा राहिलाय. कागदाला तेवढा पुरतो.

कांताचा कागद समोर आला की मावशी मनात येतेच. तिचं एकदा लिहून काढते, मग बाकीचे नंबर टाकते.

आमची शेड वसमतच्या बाहेर, रस्त्याला लागून आहे. हळदीची. शिजवून वाळवलेली हळद गावोगावहून ट्रॅक्टरनं येते. मोठ्या फिरत्या लोखंडी ढोलात ती घासून निघते, साल जाते, पिवळी झळाळी येते. मग बायका ओळीनं बसून लांब कांडी एकीकडे आणि जाड गट्टू एकीकडे निवडतात. दिवसभर हवेत हळदीची पूड असते. बायकांच्या हातांचा रंग रविवारीही जात नाही. मी अकरा वर्षं इथं हजेरी ठेवते. टेबल, खुर्ची, रजिस्टर आणि फोन. आत फोन ठेवायची परवानगी फक्त मला. बायकांचे फोन फाटकावर पेटीत जमा होतात.

भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा सेल संपला तो मालकांनी बदलला नाही. हे थोरले मालक, आत्ताच्यांचे वडील. मी दोनदा आठवण केली. ते म्हणाले, "बाई, वेळ कळली की हात ढिला पडतो. कोणी विचारलं तरी सांगायचं नाही." मी सांगत नव्हते. बायका अंधार पडला की उठायच्या. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो म्हणून त्यांना हिवाळा आवडायचा. एवढंच साधं गणित होतं.

मावशी मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर कामाला आली. साठीच्या आसपासची, उंच, वाळकी, मिश्रीनं काळे दात. जवळच्याच एका गावातली, महादेवाच्या गुरवांच्या घरची. नवरा गेलेला. लेकरू नाही. देवळाचं काम पुतण्याकडे. पहिल्या दिवशी मुकादमानं तिला हाक मारली, "ए, इकडं बस." ती जागची हलली नाही. त्यानं पुन्हा "ए" केलं. ती इकडेतिकडे पाहून शेजारणीला म्हणाली, "हे 'ए' कोण हाय गं? त्या बिचारीला कवाचे बोलावून राहिले, जाय ना म्हणावं तिला."

बायका खो खो हसल्या. मुकादम मावशी म्हणाला तेव्हा ती उठली. तेव्हापासून तिला सगळेच मावशी म्हणायला लागले, मालकसुद्धा. दुसऱ्या कुठल्या हाकेला तिनं कधी ओ दिली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून एक तांब्याची वाटी काढली. पातळ पत्र्याची, तळाला मधोमध एक भोक, सुईच्या टोकाएवढं. घमेल्यात बोअरचं पाणी घेतलं आणि वाटी त्यावर तरंगत सोडली. मी उठून पाहायला गेले.

"मावशी, हे काय?"

"घटका. लग्नात पाहिली न्हाई का? माझे सासरे बुडवायचे. पंचक्रोशीत त्यांच्या वाटीबिगर अक्षदा पडत नव्हत्या."

भोकातून पाणी चढतं, वाटी भरते आणि गुडुप बुडते. म्हणजे एक घटका झाली. ती वाटी काढायची, उपडी करायची, पुन्हा सोडायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर हळदीची एक कांडी ठेवायची. जेवणाच्या सुटीत वाटी बाहेर. घास खाताना मोजायचं नाही, असं ती म्हणायची. कट्ट्यावर वीस कांड्या झाल्या की पदर झटकायची, हात धुवायची आणि चालायला लागायची.

पहिल्या दिवशी मी टेबलावरून फोन पाहिला. साडेपाच. नऊला सुरू, अर्धा तास जेवण, साडेपाचला वीस घटका. एका मिनिटाचा फरक नव्हता. एक घटका चोवीस मिनिटांची, हे मी शाळेत पाठ केलं होतं. वीस घटका म्हणजे बरोबर आठ तास, हा हिशेब मात्र मला एका निवडणाऱ्या बाईनं घालून दिला.

मुकादम मागे धावला. "मावशी, कुठं चालल्या? अजून उजेड हाय."

"उजेड हाय म्हणून तर चालले. अंधारात काय पाहू घरी जाऊन?"

तिचं गणित ती कोणालाही ऐकवायची. दिवसरात्र मिळून साठ घटका, हे सासऱ्यांनी शिकवलेलं. पुढची वाटणी तिची स्वतःची. "वीस झोपेच्या, वीस कामाच्या आन् वीस माणसाच्या. मालकाला वीस दिल्या, पुऱ्या दिल्या. त्यात म्या कधी चोरी केली न्हाई. मंग माझ्या वीसला कोणी काहून हात लावावा?"

चोरी ती खरंच करत नव्हती. हळूही नाही, घाईनंही नाही. तिचा ढीग रोज तेवढाच. तिचा स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. खिडकीजवळची जागा तिनं पहिल्याच आठवड्यात बळकावली आणि कोणाला दिली नाही. भांडायला उठली तर दोन घमेली लांब बसलेल्या बाईच्या माहेरापर्यंत जायची. एखादी साडेआठलाच येऊन बसली तर तिला सोलून काढायची, "आलीस का झाडलोट कराया? मालकाची सून लागून गेलीस तू! उद्या अंथरूण बी इथंच घाल." संक्रांतीला मालकांनी बायकांना साड्या वाटल्या. तिनं घेतली नाही. म्हणाली, "लुगडं हाय मला. तुमी ते घड्याळ चालू करा."

पण तिच्यामागून एकेक बाई उठायला लागली. आधी तिच्या गावच्या दोघी. मग कांता. तिशीची, नवरा ट्रकवर, घरी सासू आणि दोन मुली. ढोलाच्या तोंडाशी ती आणि आणखी एक अशा दोघी असायच्या. कांता सतराव्या कांडीपासूनच ओरडायची, "मावशे, किती राह्यल्या?" मावशी म्हणायची, "तीन. ढोलाकडं पाय, माझ्याकडं पाहू नको." संक्रांतीपर्यंत अख्खी ओळ विसाव्या कांडीला उठायला लागली.

मग थोरल्या मालकांनी एक दिवस येऊन घमेलं लाथेनं उपडं केलं. पाणी फरशीवर गेलं, वाटी गडगडत माझ्या टेबलाखाली आली. मला वाटलं आता मावशी शिव्या देईल. तिनं हातातली कांडी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

"काय झालं? काम करा," मालक म्हणाले.

"पाणी सांडलं. घटका मोजता येईना. मंग काम बी मोजता येत न्हाई."

बाकीच्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांनीही हात मांडीवर घेतले. कोणी घोषणा दिली नाही. ढोल रिकामा फिरत होता, त्याचा आवाज मोठा वाटायला लागला. बाहेर ट्रक उभा होता, रात्रीच्या आत भरायचा होता. दहा-बारा मिनिटांनी मालक स्वतः नळावर गेले, घमेलं भरून आणून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "वाटी तर वाटी. पण वीस म्हणजे वीस. एकोणीसला कोणी उठायचं नाही."

"बराबर," मावशी म्हणाली. "वीस म्हंजे वीस."

टेबलाखालून वाटी मी काढून दिली. तिनं ती पदरानं पुसली, भोक उजेडाला धरून पाहिलं. मी म्हटलं, भोक वाकडं झालं असेल तर टाचणी देऊ का? ती दचकली. "भोकाला हात लावायचा न्हाई, वहीवाल्या बाई! सासऱ्याची सक्त ताकीद हाय. भोक रुंदलं की घटका खोटी झाली." वाटी ती रोज चिंचेनं घासायची, आरशासारखी ठेवायची. पण आतून, बाहेरून. भोकाला कधीच नाही.

एकदा तिच्या गावात मला काम निघालं. एका बाईचं बँकेचं पासबुक पोहोचवायचं होतं. सहा-सव्वासहा झाले असतील. मनात उत्सुकता होती की ही बाई भांडून मिळवलेल्या त्या घटकांचं करते काय. शिवण असेल, देवळात भजन असेल, कोणी आजारी असेल. मावशी ओट्यावर बसली होती. हातात काही नव्हतं. समोर रस्ता, रस्त्यावर दोन शेळ्या.

"काय करून राहिल्या मावशी?"

"काही न्हाई. बसून राहिले."

"कोणाची वाट पाहता?"

"न्हाई."

"मग?"

"मंग काय? बसा तुमी बी."

मी बसले नाही. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता, आणि खरं सांगायचं तर राग आला होता. एवढं सगळं कशासाठी, तर बसून राहायला? परत येताना वळून पाहिलं. ती तशीच होती, पाय लांब सोडून. त्या बाईला पाय लांब सोडून बसलेलं मी शेडमध्ये कधी पाहिलं नव्हतं. तिथं सगळ्याच जणी पाय दुमडून बसतात. ओळीत जागाच तेवढी असते.

आता पुढचं लिहायला पाहिजे.

शिमग्याच्या आसपास माझ्या लक्षात आलं की विसावी कांडी कट्ट्यावर येते तेव्हा माझ्या फोनवर सहा वाजलेले असतात. आधी वाटलं, सकाळी उशिरा सुरू झालं असेल. दुसऱ्या दिवशी मोजलं. वाटी बुडायला चोवीस नव्हे, साडेपंचवीस मिनिटं लागत होती. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. घागरीत आठ दिवसांत पांढरा थर धरतो. वाटी रोज त्या पाण्यात आणि मग दिवसभराची पूड खात कट्ट्यावर सुकायची. भोक आतून भरत चाललं होतं. थोडं थोडं, कोणाला कळणार नाही असं. आणि दिवस मोठा होत होता. पौषात साडेपाचला जो उजेड असायचा, तोच आता सहाला होता. बायका उजेडात घरी जात होत्या. त्यांना वाटत होतं सगळं बराबर चाललंय.

मी मालकांना सांगितलं. आधी त्यांना सांगितलं, मावशीला नाही. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि हसायला लागले.

"राहू द्या. इतके दिवस वाटीशी भांडलो, आता वाटी आपली झाली. तुम्ही फक्त रजिस्टरला साडेपाच लिहीत जा. तपासणीला बरं."

मीही हसले. तेव्हा हसले, हे इथं लिहून ठेवते. माझी मुलगी नांदेडला शिकत होती, नोकरी सोडण्यासारखी नव्हती वगैरे कारणं खरी आहेत. पण मला ते गमतीचंही वाटलं होतं. साऱ्या शेडला शहाणपण शिकवणारी बाई स्वतःच्या वाटीनं फसते आहे, यात मला थोडं बरं वाटलं होतं. पुढचा सव्वा महिना मी रोज साडेपाच लिहिलं. सहा वाजून दहा, सव्वासहा, साडेसहा. लिहिलं साडेपाच. मीही तेवढा वेळ तिथंच खुर्चीवर बसून असायचे.

बायका दमायला लागल्या होत्या. उन्हाळा आहे, असं म्हणायच्या. कांता एकदा म्हणाली, "मावशे, आजकाल सतरावी लवकर येईनाच." मावशी खेकसली, "माझी वाटी तुझ्यासारखी न्हाई, रोज नवा बहाणा सांगायला."

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, एका सोमवारी, कट्ट्यावर एकोणीस कांड्या होत्या. विसावी घटका चालू होती. ढोलात अडकलेला गट्टू काढायला कांतानं हात घातला. ढोल थांबवून काढायचा असतो, तिला ते माहीत होतं, रोज ती तसंच करायची. त्या वेळी नाही केलं. पदर ढोलाच्या पट्ट्यात गेला, पदरामागे हात गेला. मी बटणापर्यंत पोहोचले तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. फोनवर सव्वासहा झाले होते. तो आकडा मी पाहिला, कारण जीप बोलावायला फोन हातात घेतला होता. वीस घटका खऱ्या असत्या तर ती अर्ध्या तासापूर्वीच घरी पोहोचली असती. तिचं घर चालत दहा मिनिटांवर आहे.

नांदेडला नेलं. अंगठा वाचला.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळेला आली. जागेवर बसली नाही. पिशवीतून वाटी काढली, खिडकीत उजेडाला धरली. बराच वेळ धरून उभी होती. मग बाहेर जाऊन बाभळीचा एक काटा घेऊन आली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या भोकात काटा घातला. पांढरं-पिवळं, चुन्यासारखं काहीतरी तिच्या तळहातावर पडलं. ते तिनं सगळ्या ओळीला दाखवलं. एकेकीपुढे हात नेला.

"पाहा. हे पाहा गं. माझ्या वाटीनं तिचा हात खाल्ला."

मी टेबलाशी होते. तिचा तळहात माझ्यापुढेही आला. मी म्हणू शकले असते की मला माहीत होतं. मी रजिस्टर उघडलं आणि तारीख घातली.

आठवड्यानं चौकशीला कामगार खात्याचे साहेब आले. रजिस्टर पाहिलं. सुटी साडेपाच, अपघात सव्वासहा. मालक म्हणाले, "सुटी झाल्यावर ती पदर झटकायला, हात धुवायला थांबली होती. मशीनला हात लावायला कोणी सांगितलं नव्हतं." साहेबांनी बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सुटी झालीच नव्हती साहेब, विसावी चालू व्हती." साहेबांना ते कळेना. समजावून सांगितलं तेव्हा ते हसले. "वाटी कागदावर चालत नाही. कागदावर काय आहे?" कागदावर माझं अक्षर होतं. मला विचारलं, रजिस्टर बरोबर आहे का? मी हो म्हटलं.

म्हणून कांताचा हात कामावर गेला नाही, कामानंतर गेला, असं ठरलं. तिनं वर, हिंगोलीच्या कामगार ऑफिसात, अर्ज केला आहे, तो अजून पडून आहे. तोवर पोट भरायला पाहिजे, म्हणून पुन्हा आमच्याच शेडवर येते. झाडू मारते, डाव्या हातानं.

मावशी त्या दिवसानंतर कामाला आली नाही. दोन महिन्यांनी मी तिच्याकडे गेले. मुद्दाम गेले, या वेळी पासबुक वगैरे काही नव्हतं. ओटा रिकामा होता. ती आत, भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुतण्याच्या बायकोनं सांगितलं, बाहेर बसतच नाही आता. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. सरळ सांगितलं, मला घोळवत बोलता येत नाही.

"मावशी, वाटी मागे पडली होती ते मला माहीत होतं."

ती वळली. "कवापासून?"

"शिमग्यापासून."

"मालकाला?"

"त्यांनाही. मीच सांगितलं."

ती रडेल, नाहीतर मला हाकलून देईल अशी तयारी करून मी गेले होते. तिनं दोन्ही केलं नाही. माझ्याकडे नीट पाहत राहिली, जसं एखादा गट्टू आहे की कांडी हे कळेना झालं की पाहायची तसं.

"तुमी बी तिथंच बसून व्हत्या ना तवर?"

"हो."

"घरी जाता आलं असतं, तरी?"

"हो."

"मंग तुमाला काय भेटलं वो?"

मग तीच म्हणाली, "ती पोरगी मला रोज इचारत व्हती, किती राह्यल्या, किती राह्यल्या. म्या तिला खोटं सांगून राहिले व्हते. आन् खरं ज्याला ठावं व्हतं ते दहा हातावर बसून व्हतं." मग पुन्हा भिंतीकडे वळली. "कांताला सांगितलं का?"

"नाही."

"मंग इथं काहून आलात? चुकीच्या घरी आलात तुमी."

चहा विचारला नाही. मी उठले.

यंदा पौषात ती गेली. फार आजारी नव्हती, म्हणे. जेवण कमी कमी होत गेलं. मी दहाव्याला गेले होते. वाटी कुठं दिसते का पाहिलं. पुतण्यानं ती देवळात नेलीय. महादेवाच्या पिंडीवर साखळीनं टांगलीय. भोक आता साफ आहे, पाणी थेंबथेंब पडत राहतं. पुतण्या फोन पाहून आरती करतो.

कांताला मी अजून सांगितलेलं नाही. ती मला मॅडम म्हणते. रोज सकाळी माझं टेबल पुसते. डाव्या हातानं फडकं फिरवते आणि उजव्या अंगठ्यानं रजिस्टर उचलून धरते. तेच रजिस्टर नव्हे. गेल्या वर्षीचं माझ्या घरी कपाटात आहे. चौकशीनंतर मालक म्हणाले होते, "घरीच ठेवा, इथं उंदीर फार."

सात वाजलेत. बेचाळीस कागदांना नंबर टाकून झाले.

१६ एप्रिल.

सकाळी शेडवर गेले नाही. धाकट्या मालकांना फोन करून सांगितलं, आज येत नाही. ते म्हणाले, "आणि अंगठे?" मी म्हटलं, कागद रात्रीच मुकादमाकडे दिलेत, पण आधी बायकांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांनी फोन ठेवला. शाईचा पॅड मी कागदांबरोबर दिला नव्हता, पिशवीत घातला होता. स्टेशनरीची दुकानं अकराला उघडतात. कोणाला तोवर विचार करायचा असेल तर करील.

आठच्या आत कांताच्या घरी पोहोचले. ती कामावर निघायच्या तयारीत होती, मुलीच्या वेण्या सासू घालत होती. वेण्या कांता घालायची पूर्वी. मी दारातच सांगितलं. शिमग्यापासूनचं सगळं, साडेपाच कसं लिहिलं ते, साहेबांना हो म्हटलं तेही, आणि आता हिंगोलीला जाऊन खरं लिहून द्यायला तयार आहे तेही. सासूनं कंगवा खाली ठेवला आणि मला जे म्हणायचं ते म्हटलं. ते लिहीत नाही, पण त्यात चूक काही नव्हतं.

कांतानं विचारलं, "मावशीला ठावं व्हतं?"

"मी सांगितलं होतं."

"काय म्हणली?"

"चुकीच्या घरी आलात, म्हणाली."

कांतानं पायात चप्पल घातली. "चला मंग. बस निघून जाईल."

हिंगोलीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. पुढच्या सीटवर बसली. उतरेपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. ऑफिस उघडायला वेळ होता, आम्ही पायरीवर थांबलो, ती एका टोकाला, मी दुसऱ्या.

क्लार्कनं तिचा अर्ज शोधून काढला. मी गेल्या वर्षीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं, ते पान उघडलं आणि म्हटलं, हे अक्षर माझं आहे आणि ही नोंद खोटी आहे. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "खोटी लिहिली असं लिहून देता? तुमच्यावरच येईल बाई."

"येऊ द्या. लिहून घ्या."

त्यानं कोरा कागद ओढला. माझं नाव, वय, काम. मग पेन थांबवून विचारलं, "अपघाताच्या वेळी काम चालू होतं?"

"चालू होतं."

"वेळ?"

मी सांगायच्या आधी कांताकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, कागदाकडे पाहत होती.

"सव्वासहा," मी म्हटलं. क्लार्कनं लिहिलं. मी खाली सही केली. कांतानं माझ्या पिशवीतून पॅड काढून घेतला आणि स्वतःच अंगठा टेकवला.